उलार : वऱ्हाडी बंडी, कापसाची ट्रॉली आणि मधला सांधा

मंडळी, आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून काहींना वाटलं असेल की हा इंजिनिअरिंग कॉलेजातला विषय इतिहासाच्या मालेत कुठून आला. ट्रॅक्टरच्या मागे, खालच्या दोन लिंकच्या बाजूंना जे दांडे किंवा साखळ्या असतात, ज्यांना स्पेअर पार्टच्या दुकानात स्टॅबिलायझर म्हणतात आणि शेतात नुसतंच ‘चेन’ म्हणतात, त्यांच्यापर्यंत आज आपल्याला जायचं आहे. पण एकदम तिथे जाता येणार नाही. वाट लांबची आहे आणि ती अमरावतीच्या कापूस बाजारातून जाते.

इतिहास म्हटला की आपल्याला तह आणि लढाया आठवतात. वऱ्हाडाच्या वाट्याला तेही आलंच. १८५३ च्या तहाने निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेलं, १९०३ साली मध्य प्रांताला जोडलं गेलं, १९५६ साली द्विभाषिक मुंबई राज्यात आलं आणि १९६० साली महाराष्ट्रात. पण या सगळ्या काळात कास्तकाराने दरवर्षी दिवाळीनंतर एकच काम केलं : वावरातला कापूस बाजारात नेऊन पोचवला. कारभार कोणाचाही असो, ओझं तेच. म्हणून आम्ही असं म्हणतो की गेल्या पावणेदोनशे वर्षांचा वऱ्हाडाचा इतिहास हा बराचसा ओझं ओढण्याचा इतिहास आहे. आणि ओढण्याच्या इतिहासात सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट कुठली, तर ओढणारा आणि ओझं यांच्या मधला सांधा. बैलांबद्दल आपण बोलतो, रेल्वेबद्दल बोलतो, ट्रॅक्टरच्या हॉर्सपॉवरबद्दल तर पारावर तासन्‌तास बोलतो. सांध्याबद्दल कोणी बोलत नाही. तो तुटला की मग बोलतात.

आधी एक शब्द घेऊ : उलार. तरुण श्रोत्यांपैकी किती जणांनी तो ऐकला असेल, कोण जाणे. दोनचाकी बैलगाडीत मागच्या बाजूला वजन जास्त झालं की पुढची धुर वर उचलली जाते, जू बैलांच्या मानेवरून सुटू पाहतं आणि गळ्याखालची जोतं गळ्याला काचतात. अशा गाडीला उलार गाडी म्हणतात. याच्या उलट, वजन पुढे जास्त झालं तर सगळा भार बैलांच्या खांद्यावर येतो, मान सुजते, बैल बसतो. म्हणजे गाडी भरणं हे नुसतं पोतं टाकणं नव्हतं. आसाच्या मागे किती, पुढे किती, याचा हिशेब होता. भरून झाल्यावर गाडीवान धुर हाताने किंचित उचलून बघायचा. हाताला थोडा भार लागला पाहिजे, फार नाही. अगदीच हलकी लागली तर एखादं पोतं पुढे सरकवायचं. ही परीक्षा कुठल्या पुस्तकात लिहिलेली नव्हती, पण ती प्रत्येक घरात होती.

आता गंमत बघा. अमेरिकेत मोटारीमागे फिरतं घर किंवा नाव ओढून नेतात, तिथे ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार जोडणीच्या टोकावर यावा, असा नियम शिकवतात. त्यापेक्षा कमी झाला तर ट्रेलर रस्त्यावर डावी-उजवीकडे झुलायला लागतो, हेही शिकवतात. धुर उचलून बघणाऱ्या गाडीवानाला टक्केवारी सांगता आली नसती. पण तो मोजत होता ती गोष्ट हीच.

बरं, आता मागे जाऊ. बंडीच्या आधी काय होतं? बंडीच्या आधी कापूस बैलांच्या पाठीवरून जात असे. बंजाऱ्यांचे तांडे, एकेका तांड्यात शेकडो, कधी हजारांनी बैल, पाठीवर दोन बाजूंना गोण्या. अमरावतीचा कापूस असा उत्तरेला गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जायचा, पाचशे मैल. तिथून नावेने कलकत्त्याला. गॅझेटिअरमध्ये नोंद आहे की १८४२ साली एकाच व्यापाऱ्याने या वाटेने एक लाख बैलांचा माल पाठवला असं सांगतात. आकडा थोडा फुगवलेला धरला तरी वाहतूक केवढी असेल, त्याची कल्पना यावी. या पद्धतीत सांधा नावाची गोष्टच नाही. ओझं आणि ओढणारा एकच. बैल अडखळला तर एका बैलाचा माल पडतो, मागचे चालत राहतात. संथ, महाग, पाऊस-धुळीने कापसाची वाट लावणारी पद्धत. पण तिच्यात एक ओझं दुसऱ्याला ढकलत नाही.

१८५३ नंतर इंग्रजांना वऱ्हाडात मुख्यतः काय हवं होतं, हे लपून राहिलेलं नाही. मँचेस्टरच्या गिरण्यांना अमेरिकेबाहेरचा कापूस हवा होता. त्यासाठी तिथे १८५७ साली कापूस पुरवठ्याची एक संघटनाच उभी राहिली. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस बंद पडला, आणि आपल्या पऱ्हाटीला सोन्याचा भाव आला. त्याच काळात रेल्वे येत होती. मुंबईहून निघालेली जीआयपी रेल्वे वऱ्हाड ओलांडून १८६७ साली नागपूरला पोचली. पण ती खामगाव आणि अमरावती या दोन मोठ्या कापूस बाजारांना बाजूला ठेवून गेली. म्हणून जलंब ते खामगाव फाटा १८७० मध्ये झाला, त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. आणि बडनेरा ते अमरावती फाटा १८७१ मध्ये. बडनेऱ्याहून अमरावती जेमतेम सहा मैल. सहा मैलांसाठी रेल्वे बांधली! यावरून शेवटच्या सहा मैलांची किंमत काय होती ते कळतं.

आपल्याकडे एक समज आहे की रेल्वे आली आणि बैलगाडी मागे पडली. वऱ्हाडात उलट झालं. रेल्वेने बंजाऱ्यांचा तांडा संपवला, बंडीला मात्र काम दिलं. आधी कापूस वर्षातून एकदा, तांडा येईल तेव्हा जायचा. आता प्रत्येक गावातून, प्रत्येक वावरातून, हंगामभर स्टेशनाकडे, जिनाकडे, बाजाराकडे वाट सुरू झाली. मध्य प्रांत-वऱ्हाडासाठी नेमलेले कापूस कमिशनर हॅरी रिव्हेट-कार्नाक यांच्यासारखे अधिकारी बाजार, प्रेस, रस्ते यांच्या मागे लागले होते. आल्फ्रेड लायल यांचं वऱ्हाडाचं गॅझेटिअर १८७० सालचं. त्यानंतरच्या पिढ्यांत कास्तकाराच्या दारात बंडी असणं ही पत झाली.

ही बंडी नीट बघू, कारण इथे सांधा जन्माला येतो. दोन चाकं, लाकडी आरे, मध्ये तुंबा, चाकावर लोखंडी धाव. धाव लोहाराने तापवून चढवायची आणि पाणी मारून आवळायची. साठा आसावर बसवलेला, पुढे धुर, धुरेच्या टोकाला जू. जू धुरेला दोराने बांधलेलं. ही बांधणी पक्की असते पण ताठ नसते. बैल वळतो तेव्हा जू थोडं फिरतं, चाक खड्ड्यात जातं तेव्हा थोडं डोलतं. सैल किती ठेवायचं हे वाढई सांगायचा आणि गाडीवान सांभाळायचा. फार सैल झालं तर जू एका बैलाच्या मानेवर मारत राहतं, फार आवळलं तर खड्ड्यात धुर मोडते. आमच्या मते वऱ्हाडातला पहिला स्टॅबिलायझर हा दोरच. त्याला ते नाव नव्हतं एवढंच.

उतारावर काय करायचे? बंडीला ब्रेक नाही. बैल स्वतःच्या अंगाने गाडी थोपवतात, गाडीवान खाली उतरून मागे लोंबकळतो, म्हणजे गाडी जाणूनबुजून थोडी उलार करतो, जेणेकरून पुढचा दाब कमी व्हावा. थांबलं की चाकाखाली धोंडा. मेळघाटातून, चिखलदऱ्याच्या बाजूने उतरणाऱ्या गाड्यांना हे रोजचं होतं. सपाटीवरच्या गाडीवानाला घाटाची सवय नसायची, म्हणून घाटाखालचा माणूस सोबत घेत.

एक मुद्दा इथे अधोरेखित करून ठेवतो, पुढे लागेल. बंडी ज्याने भरली, त्यानेच ती हाकली, आणि बैलही त्याचेच. उलार झाली तर काच त्याच्याच बैलाच्या गळ्याला. ज्ञान, मेहनत आणि नुकसान एका माणसाच्या ठिकाणी एकत्र होतं. तळेगाव दशासरच्या शंकरपटात बैल पळवणारा माणूस धुरेच्या तोलाबद्दल जे जाणतो ते कुठल्या शाळेत शिकला? घरीच.

बाजाराचा इतिहास आपण मागच्या व्याख्यानांत पाहिला, त्यामुळे तो पटकन ओलांडू. कारंज्याचा कापूस बाजार १८८६ साली सरकारी नियमाखाली आला, देशातला अशा प्रकारचा पहिला बाजार म्हणून त्याचं नाव घेतात. १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा झाला. अडत्या, दलाल, मापारी, वजनं, यांच्यावर नियम आले. हर्रासीत कास्तकार फसू नये म्हणून हे सगळं. चांगलंच होतं. पण बाजाराच्या फाटकाबाहेर, वाटेवर, ओझं कसं येतं याकडे कायद्याने पाहिलं नाही. ती सवय पुढेही सुटली नाही, असं आम्हाला वाटतं.

रेल्वेवाल्यांनी मात्र सांध्याचा विचार केला होता. प्रवासी डब्यांमधली स्क्रूची जोडणी तुम्ही जुन्या गाड्यांना पाहिली असेल. दोन डबे नुसते अडकवत नाहीत, तर मधला स्क्रू फिरवून ते असे जवळ ओढतात की दोन्हीकडचे बफर एकमेकांना टेकून राहावेत. ढिलाई गेली की धक्का गेला, आणि डबे एकमेकांना धरून असल्यामुळे झुलणंही कमी झालं. मूर्तिजापूरहून एकीकडे अचलपूर आणि दुसरीकडे यवतमाळला जाणाऱ्या आपल्या शकुंतलेला वेगाची घाई कधीच नव्हती. किलिक निक्सन कंपनीची ही छोटी गाडी, १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं तिचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत चाललं. तरी तिच्याही प्रत्येक डब्याचा सांधा गाडी सुटण्याआधी कोणीतरी पाहत होतं, कारण ते पाहणं हे कोणाचं तरी नेमून दिलेलं काम होतं. ‘नेमून दिलेलं’ हा शब्द लक्षात ठेवा.

मग टायर आले. हवेचे टायर लावलेल्या गाडीला आपल्याकडे सरसकट ‘डनलप’ म्हणू लागले, कंपनी कुठलीही असो. लोखंडी धाव रस्ता कापत जायची, टायर कापत नाही, आणि त्याच बैलांना जास्त ओझं ओढता येतं. बंगळूरच्या आयआयएमचे संचालक राहिलेले एन. एस. रामस्वामी यांनी १९७० च्या दशकापासून बैलगाडी सुधारण्यासाठी मोठी खटपट केली. बैलाच्या मानेवरचा भार हा त्यांच्या काळजीचा विषय होता. म्हणजे पुन्हा सांधाच. पण तोवर दारात दुसरं जनावर उभं राहिलं होतं.

ट्रॅक्टर. त्याची गोष्ट आयर्लंडपासून सुरू करावी लागते. १९१७ च्या सुमारास, पहिल्या महायुद्धाच्या काळात, हॅरी फर्ग्युसन या माणसाला तिथल्या शेती खात्याने ट्रॅक्टरांची पाहणी करायला सांगितलं. त्याला दिसलं की लोक नांगर ट्रॅक्टरला नुसता मागे बांधतात, बैलामागे बांधावा तसा. नांगर दगडात अडकला की चाकं फिरत राहतात आणि ट्रॅक्टर तोंड वर करून मागे उलटतो, चालकावर. फोर्डसन ट्रॅक्टर याबाबत बदनामच झाला होता. बघा, हा उलारच आहे, फक्त धुरेऐवजी ट्रॅक्टरचं तोंड वर गेलं. फर्ग्युसनने उत्तर म्हणून तीन ठिकाणी जोडणी काढली : खाली दोन लिंक, वर एक. औजार आणि ट्रॅक्टर एकजीव झाले. १९३६ साली त्याचा ट्रॅक्टर बाजारात आला, आणि १९४६ ते १९५६ या काळात टीई-२० हा त्याचा राखाडी ट्रॅक्टर पाच लाखांहून अधिक संख्येने बनला. आज वऱ्हाडातला कुठलाही ट्रॅक्टर बघा, लाल, निळा, हिरवा, मागे तीच तीन ठिकाणची जोडणी आहे.

आता या जोडणीत एक अडचण उरते. खालच्या दोन लिंक वर-खाली हलल्या पाहिजेत हे खरं, पण त्या डावी-उजवीकडेही हलतात. शेतात थोडं हललेलं चालतं. नांगराला तर थोडी मोकळीक लागतेच, तो आपली ओळ धरतो. रस्त्यावर मात्र नाही. म्हणून लिंकच्या टोकापासून ट्रॅक्टरच्या अंगापर्यंत बाजूने एक दांडा किंवा साखळी आली. दांडा असेल तर पिन घालून पक्का, साखळी असेल तर मधल्या टर्नबकलने आवळायची. हाच तो स्टॅबिलायझर. त्याचं काम एकच : बाजूची हालचाल बांधून ठेवणं. दोन्ही लिंकच्या मध्ये भोकांची आडवी पट्टी टाकून तिच्यावर ट्रेलर ओढायचा असेल, तर ती पट्टी वर उचलली जाऊ नये म्हणून वेगळे दांडेही लागतात. फर्ग्युसनने स्वतःचा दोनचाकी ट्रेलरही काढला, त्याची चाकं मुद्दाम बरीच मागे ठेवलेली. का? तर ओझ्याचा काही भार पुढे, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर यावा, चाकांना पकड मिळावी. वऱ्हाडातल्या कोणत्याही म्हाताऱ्या गाडीवानाने हा ट्रेलर पाहून मान डोलावली असती.

आपल्याकडे १९५९ साली फरिदाबादला आयशरचा ट्रॅक्टर बनू लागला. १९६० साली मद्रासला टॅफे कंपनी निघाली, ती मॅसी-फर्ग्युसनच्या तंत्राने. महिंद्राचे ट्रॅक्टर त्याच दशकातले, १९७४ साली पंजाबचा स्वराज. याच सुमारास, १९५९-६० साली, दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरलं. ते भरवण्यात पुढाकार अमरावती जिल्ह्यातल्या पापळच्या डॉ. पंजाबराव देशमुखांचा होता. त्यांच्याच नावाचं कृषी विद्यापीठ १९६९ साली अकोल्याला झालं. यंत्र वऱ्हाडात यावं हे त्या पिढीचं स्वप्न होतं, आणि ते आलं.

पण एक गोष्ट निसटली. ट्रॅक्टर कारखान्यातून आला. ट्रॉली आली वेल्डिंगच्या दुकानातून. ट्रॅक्टरची बुदनीच्या केंद्रात चाचणी होते, कागद निघतो, पुस्तक मिळतं. ट्रॉली अकोल्याच्या, मूर्तिजापूरच्या, दर्यापूरच्या रस्त्याकडेला अँगल आणि पत्रा कापून बनते. आम्ही त्या कारागिरांना नावं ठेवत नाही. त्यांतले कित्येक वाढई-लोहारांच्या घरातलेच, आणि हात उत्तम. पण बंडी बनवणारा वाढई त्याच गावात राहायचा, ती उलार झाली तर कास्तकार संध्याकाळी दारात उभा. ट्रॉली घेऊन माणूस पन्नास किलोमीटर दूर निघून जातो.

आणि मघाचा मुद्दा आठवा. बंडीत एकच माणूस होता. ट्रॉलीत चार झाले. बनवणारा वेल्डर एक, मालक दुसरा, भरणारे हमाल तिसरे, चालवणारा पगारी ड्रायव्हर चौथा. चौघांपैकी धुर उचलून बघायचं काम कोणाचं? कोणालाच नेमून दिलेलं नाही. आम्हाला वाटतं, वऱ्हाडातल्या रस्त्यावरच्या अपघातांच्या मुळाशी लोखंड कमी पडलं यापेक्षा ही वाटणी जास्त आहे.

कापूस भरायची तऱ्हा बघा. कापूस हलका, पण जागा फार खातो. म्हणून फळ्यांवर ताट्या लावून ट्रॉली उंच करतात, वर चढून पायांनी तुडवतात, मग वर दोर. भरणी मागच्या फाळक्यातून होते. घाईत उरलासुरला माल मागेच दडपला जातो, कधी फाळक्याबाहेरही फुगून येतो. दोनचाकी ट्रॉलीत याचा अर्थ काय? हुकवरचा भार गेला, उलट हुक वर ओढला जातो. ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात, पकड सुटते, ब्रेक लागत नाहीत. आणि टोकाशी असलेलं वजन एकदा झुललं की झुलतच राहतं, लोलकासारखं. ठराविक वेगाच्या खाली ते आपोआप थांबतं. त्याच्या वर गेलं की प्रत्येक हेलकावा आधीपेक्षा मोठा. तेव्हा ड्रायव्हर स्टिअरिंगने सावरायला जातो आणि आणखी बिघडवतो. हळूहळू वेग सोडणं एवढाच उपाय असतो, पण भीतीच्या क्षणी पाय ब्रेकवरच जातो.

चारचाकी ट्रॉलीचं दुखणं वेगळं. तिचं ओझं तिच्याच चाकांवर, हुकवर भार नाही, त्यामुळे उलार होत नाही म्हणून लोक खूश. पण पुढचा आस टर्नटेबलवर फिरतो आणि बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. उतारावर ट्रॅक्टरच्या दुप्पट-तिप्पट वजनाचं ओझं मागून ढकलतं. आणि ट्रॅक्टरला ब्रेकचे पायडल दोन असतात, डाव्या चाकाचं वेगळं, उजव्याचं वेगळं, शेतात बांधाशी चटकन वळता यावं म्हणून. रस्त्यावर ते दोन एका पट्टीने जोडायचे असतात. ती पट्टी उघडी राहिली आणि घाईत एकच पायडल दाबलं गेलं, तर ट्रॅक्टर एका बाजूला वळतो, ट्रॉली सरळच येते आणि दोघं कात्रीसारखे मिटतात. मध्ये जो कोणी बसलेला असेल तो संपला. आणि मध्ये बसतात हो, हुकाच्या दांड्यावर, मडगार्डवर! पश्चिम महाराष्ट्रात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडतात; तिथे दुसरी ट्रॉली पहिलीचा प्रत्येक हेलकावा वाढवून दाखवते.

‘टोचन’ हा शब्द आपण सगळेच वापरतो. बंद पडलेली गाडी दुसरीला बांधून ओढणे. टो-चेन हा इंग्रजी शब्द आपल्या जिभेवर असा बसला. टोचनाला जशी एक वेळची, कशीतरी, हाताला लागेल त्याने केलेली जोडणी असते, तशीच वर्षभराची ट्रॉलीही अनेक ठिकाणी जोडलेली असते. पिनच्या जागी सळईचा तुकडा, सुरक्षेची जादा साखळी नाही, आणि स्टॅबिलायझरचा दांडा घरी कोपऱ्यात. तो महाग नाही. ट्रॅक्टरच्या हप्त्याशी त्याची तुलनाच होऊ शकत नाही. तो लावत नाहीत याचं कारण किंमत नाही. तो नसला तरी गाडी चालते, हे कारण आहे. जोत नसती तर बंडी चाललीच नसती.

इथे एक खुलासा. या दांड्याला ताईत समजू नये. ट्रॉली ट्रॅक्टरच्या अंगावरच्या पक्क्या हुकला जोडली असेल, आणि तीच पद्धत बरी, तर खालच्या लिंक रिकाम्या असतात. तेव्हा स्टॅबिलायझर त्यांना हुकवर आणि टायरवर आपटू देत नाही, एवढंच. ट्रॉली भोकांच्या पट्टीवर जोडली असेल तर मात्र सगळी बाजू त्याच्यावर आहे. आणि माल मागे दडपलेला असेल, तर कुठलाही दांडा ती उलार ट्रॉली सरळ करणार नाही. परदेशात फिरत्या घरांना लावायचे झुलणं-रोधक दांडे मिळतात, त्यांच्याबरोबरही हीच सूचना असते : आधी माल नीट भरा.

१९७२ च्या हंगामापासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. त्या काळातल्या खरेदी केंद्रांबाहेरच्या रांगा ज्यांनी पाहिल्या ते विसरणार नाहीत. बंड्या आणि ट्रॉल्या एकामागे एक, कधी दिवसेंदिवस, बैलांना तिथेच कडबा, माणसांची भाकर तिथेच. त्या रांगेत एका पिढीने बंडी विकून ट्रॉली घ्यायचं ठरवलं असणार, कारण बैल रांगेत खातात, ट्रॅक्टर खात नाही. हिशेब बरोबर होता. पण रांग सुटली की मोजमापाची घाई, रिकामी ट्रॉली घेऊन अंधारात परतीची घाई. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही.

आणि रस्ता बदलला. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर डांबरी रस्ता १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला, गिनेस बुकात नोंद झाली. आपल्याला अभिमान वाटला, वाटायलाच हवा. अनेक वर्षं त्या रस्त्याचे हाल आपण सोसले होते. पण त्याच रस्त्यावर ताशी शंभरने ट्रक आणि गाड्या जातात आणि त्याच रस्त्यावर तासाला वीस-पंचवीसने कापसाची ट्रॉली चढते, फाट्यावरून वळून, अंधारात. खड्डे होते तेव्हा दोघंही हळू होते. गुळगुळीत रस्त्यावर ट्रॉलीवाल्यालाही पाय जरा जास्त दाबावासा वाटतो, आणि ज्या वेगाला हेलकावा आपोआप थांबत होता त्याच्या पुढे तो जातो.

सगळ्यात जड ओझ्याबद्दल अजून बोललो नाही. वेचाईच्या दिवसांत सकाळी गावागावांतून ट्रॉल्या निघतात, त्यांत कापूस नसतो, बाया असतात. डोक्याला रुमाल, कमरेला ओटी, सोबत डबा. शेतीमालाची ट्रॉली माणसांसाठी नाही, कायदा हे स्पष्ट सांगतो. तरी वावर दहा किलोमीटर लांब असेल आणि दुसरं वाहन नसेल, तर बाई काय करणार? मजुरी तिथे आहे. माणसं पोत्यांसारखी एका जागी राहत नाहीत. वळणावर सगळ्या एका बाजूला झुकतात, हसतात, एकमेकींना धरतात. ट्रॉलीचा तोल प्रत्येक वळणावर नव्याने बदलतो. ट्रॅक्टर-ट्रॉली उलटल्याच्या बातमीत मृतांच्या नावांत मजूर बायांची नावं वाचायची आपल्याला सवय झाली आहे. मालक, ड्रायव्हर, कधी ट्रॉलीचा पासिंग नंबर, सगळं छापून येतं. पिन कसली होती, साखळी आवळलेली होती का, पायडलची पट्टी लावलेली होती का, हे छापून येत नाही. पंचनाम्यातही ते क्वचितच नीट नोंदलं जातं. पुढच्या पिढीच्या इतिहासकाराला हे दस्तऐवज लागतील तेव्हा ते नसतील, आणि तो लिहील की ‘चालकाचे नियंत्रण सुटले’. नियंत्रण सुटलं कुठून, तर बहुतेक वेळा त्या सांध्यातून.

शेवटी हंगामाचं वेळापत्रक बघू, मग प्रश्न घेऊ. मे-जूनमध्ये नांगरणी, वखरणी, पेरणीची तयारी. तेव्हा औजाराला मोकळीक हवी म्हणून साखळ्या सैल केल्या जातात. ते बरोबरच. त्यानंतर ट्रॅक्टर पावसात उभा राहतो, डवरणीला निघतो, फवारणीला निघतो. दिवाळीनंतर एके दिवशी कापूस भरला जातो आणि त्याच ट्रॅक्टरला ट्रॉली लागते. साखळ्या जूनमध्ये होत्या तितक्याच सैल असतात, टर्नबकल गंजून बसलेलं. जूनमध्ये त्या सैल केल्या त्या माणसाला कारण माहीत होतं. नोव्हेंबरमध्ये पाना हातात घेणारा माणूस कोण, हे आपल्या प्रत्येकाच्या गावात वेगळं आहे. मागच्या रांगेत दोन-तीन ट्रॅक्टरवाले बसलेले दिसतात. पहिला प्रश्न त्यांच्याकडून येऊ द्या.